मेंदूचा आलेख काढून माणसाचा स्वभाव कळतो का?

नमस्कार भाऊ,

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. पहिला पैशाचा. तालुक्याच्या क्लासमध्ये 'ब्रेन मॅपिंग'चं शिबिर लागलंय. डोक्याला पट्टा बांधून दहा मिनिटं लहरी मोजतात, आणि पोरगा अंतर्मुख की बहिर्मुख, डाव्या मेंदूचा की उजव्या, एमपीएससीच्या मागे लागावं की दुकान टाकावं, हे सगळं रंगीत अहवालात छापून देतात. त्यासाठी साडेसहा हजार भरायचे का? दुसरा प्रश्न तुम्ही शेवटच्या दोन ओळींत उरकलाय. वीस वर्षांचा धाकटा भाऊ लहानपणापासून कमी बोलणारा, पण दिवाळीपासून एकदम चिडका झालाय, ताटावरून उठून जातो, रात्री जागा असतो. आणि वडील म्हणतात, "त्याचं टकुरंच तसं हाय, मशीन लावून काय होते?"

साडेसहा हजार भरू नका. वडिलांचं म्हणणं मात्र सरसकट खोडून काढण्यासारखं नाही. तुमची खरी काळजी दिवाळीनंतर जे बदललं त्याची असायला हवी, आणि त्याचं उत्तर त्या पट्ट्यात नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, आठवड्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयातही बसतो. लहरी काढायचं मशीन, म्हणजे ईईजी, माझ्या दवाखान्यात आहे. त्यामुळे या तपासणीशी माझं वाकडं नाही. उलट सगळे लहरी काढायला धावले तर माझेच चार पैसे वाढतील. पण हे मशीन काय दाखवतं ते जवळून पाहिलं की स्वभावाचा दावा कुठे घसरतो ते आपोआप लक्षात येतं.

पेशंट येतो तो डोक्याला चपचपीत तेल लावून. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर लिहून दिलं तरी आई म्हणते, "डाक्टरकडे जाचं म्हणून तर लावून देलं." मग मागच्या नळावर पुन्हा डोकं धुवायचं, कोरडं करायचं, फितीने मोजून जागा ठरवायच्या, त्या घासून पेस्टने एकवीस तारा चिकटवायच्या. डोळे मिटून शांत पडलं की डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या लहरी दिसू लागतात, त्या अल्फा. डोळे उघडायला सांगितले की त्या विरतात. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला असा आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. अल्फा लहरींची ही गंमत त्यांचीच नोंद.

हा विजेचा दाब किती, तर एका व्होल्टचा लाखावा ते दहा हजारावा भाग. एवढ्या बारीक सिग्नलवर नुसती पापणी लवली तरी भलीमोठी लाट उमटते. गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) धरून आलेल्याचा जबडा हलला की कानशिलाजवळच्या तारांवर निव्वळ खरवड दिसते. इमारतीचं अर्थिंग धड नसेल तर मेनलाइनची ५० हर्ट्‌झची गुणगुण सगळ्या रेषांवर चढते. आम्ही दवाखान्यामागे अर्थिंगचा नवा खड्डा मारला तेव्हा कुठे आलेख वाचता यायला लागले. आता क्लासचा हॉल डोळ्यांपुढे आणा. वर पंखे गरगरताहेत, बाजूला पोरं खिदळताहेत, पट्ट्याला दोन-तीन टोकं आणि तीही तेलकट केसांवरून. तिथे जे उमटतं त्यात मेंदू किती आणि स्नायू, पापण्या, वायरिंग किती, हे वेगळं करायला सवयीचा डोळा लागतो. अहवाल छापणाऱ्या संगणकाला ते कोणी विचारत नाही.

समजा आलेख एकदम स्वच्छ निघाला, तरी काय कळतं? माणूस जागा आहे, पेंगतोय की झोपलाय. फिट येण्याकडे कल दाखवणाऱ्या टोकदार लहरी आहेत का. मेंदूला सूज, विषबाधा, यकृत-मूत्रपिंडाचा बिघाड यामुळे सगळं मंदावलंय का. या मशीनचं मुख्य काम मिरगीचं, पण त्यातही एकदाच काढलेला आलेख निम्म्याच्या आसपास मिरगीच्या रुग्णांत चक्क नॉर्मल येतो. उलट आयुष्यात कधीही फिट न आलेल्या शंभर माणसांत एखाद्याच्या आलेखात तशा लहरी सापडू शकतात. ज्या कामासाठी मशीन मुख्यतः वापरतात त्यातच एवढी सांभाळून बोलायची वेळ येते, मग पोरगा तहसीलदार होईल की नाही हे ते कुठून सांगणार?

'ब्रेन मॅपिंग' हा शब्द आपल्याकडे पोलीस तपासाच्या बातम्यांतून आला. तिथे आरोपीच्या मेंदूला घटनेची 'ओळख' आहे का हे तपासण्याचा दावा असतो. स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही. त्या चाचणीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० च्या सेल्वी निकालात स्पष्ट केलं की ती माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. हे सांगायचं कारण एवढंच की कोर्ट-पोलिसांचं नाव चिकटल्यामुळे लोकांना ती फार भारी तपासणी वाटते.

आता वडिलांचं म्हणणं. स्वभावाचा मेंदूशी संबंध आहेच, नसेल तर असणार कशाशी? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून इतकं पक्कं झालंय की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक असतो. म्हणून तर तुमचा भाऊ आजोबांसारखा घुमा आहे असं घरातले म्हणतात. संशोधक स्वभाव पाच बाजूंनी मोजतात: नव्याची ओढ, शिस्तशीरपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि मन लवकर अस्वस्थ होणं. मोजतात ते प्रश्नावलीने, साध्या कागदावर. त्या गुणांचा मेंदूशी मेळ घालायचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १९६७ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून त्याला गोंगाट नकोसा होतो. बहिर्मुखाचा कमी जागा, म्हणून तो गर्दी शोधतो. त्या काळी जिभेवर लिंबाचा रस टाकून लाळ किती सुटते ते मोजलं गेलं, आणि अंतर्मुखांना जास्त सुटली. डोकेबाज कल्पना होती. पुढे लहरींवर तपासली तेव्हा कधी जुळली, कधी नाही.

मग एमआरआय आला आणि उत्साह वाढला. २०१० मध्ये ११६ लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढून या गुणांपैकी बहुतेकांसाठी मेंदूत कमी-जास्त आकाराचे भाग सापडल्याचं जाहीर झालं. ते वर्तमानपत्रांतही छापून आलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तोच शोध १,१०७ लोकांवर घेतला, तर भरवशाचं जवळपास काहीच हाती लागलं नाही. २०१८ च्या एका अभ्यासात ८८४ तरुणांच्या मेंदूतले भाग स्वस्थ पडून असताना एकमेकांशी कसे जोडून काम करतात यावरून स्वभाव ओळखायचा प्रयत्न झाला. पाचांपैकी फक्त नव्याची ओढ थोडीफार ओळखता आली, तीही जिथे १ म्हणजे तंतोतंत तिथे ०.२४ इतकी. बाकीचे चार गुण नाहीत. आणि २०२२ मध्ये सुमारे ५० हजार लोकांचे स्कॅन एकत्र केल्यावर दिसलं की मेंदूचं चित्र आणि वागणूक यांचे संबंध इतके फिके आहेत की ते पकडायला हजारो माणसं लागतात. पंचवीस-तीस जणांवर केलेले निष्कर्ष पुढच्या अभ्यासात टिकत नाहीत.

म्हणजे संबंध खोटा नाही, फिका आहे. जमावात दिसतो, एकट्या माणसात नाही. तालुक्याचा सरासरी पाऊस माहीत असला म्हणून काल तुमच्या वावरात किती पडला ते सांगता येत नाही, तसंच. शिबिरवाले नेमकी हीच उडी मारतात. संशोधन जमावाचं दाखवतात आणि अहवाल तुमच्या भावाचा छापतात.

फिका का, याचं माझ्या अनुभवातलं कारण सांगतो. लहरी दाखवतात ती त्या दहा मिनिटांची अवस्था. रात्री झोप झाली का, चहा किती झाला, खर्रा सुटल्याला किती तास झाले, अनोळखी माणसाने डोक्याला तारा लावल्या म्हणून छाती धडधडतेय का, हे सगळं तिथे उमटतं. स्वभाव ठरतो वर्षानुवर्षांच्या वागण्यावरून. शिवाय वरून सारखं दिसणारं वागणं आतून सारखं असेलच असं नाही. माझ्याकडे 'पोट्टं कोनाशी बोलतच नाही' म्हणून आणलेल्या मुलांत कोणी खरोखर शांत प्रकृतीचा असतो, कोणाला चारचौघांत घाम फुटतो, कोणी घरात दारूवरून चालणाऱ्या भांडणाने गप्प झालेला असतो. एकाला तर कान वाहून वाहून नीट ऐकूच येत नव्हतं. चौघांच्या गप्प बसण्याचा एकच मेंदू-नकाशा कसा निघेल?

डावा-उजवा मेंदू हे प्रकरण तर सोडूनच द्या. मेंदूचे संशोधक रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते दोन गोलार्धांमधला दुवा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं. पण 'हा माणूस उजव्या मेंदूचा' असं काही नसतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने १,०११ मेंदूंचे स्कॅन तपासले, एकही बाजू एकूणात वरचढ असलेले लोक सापडले नाहीत.

आता दिवाळीचं. माझ्या कामात मी 'हा कसा आहे' यापेक्षा 'हा आधी कसा होता आणि कधीपासून असा' हे जास्त खोदून विचारतो. आयुष्यभर तापट असलेला माणूस तापट आहे, यात आजार शोधायची गरज सहसा नसते. पण स्वभाव बदलला, आणि घरच्यांना तारीख सांगता येईल इतका बदलला, तर तिथे मेंदू, शरीर किंवा मन यांपैकी कुठेतरी काहीतरी घडलंय. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून कवटीतून सळई आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण सोबती म्हणाले की हा तो गेज राहिला नाही. कपाळामागच्या भागाचा वागण्याशी संबंध आहे हे सांगताना आजही त्याचंच उदाहरण देतात. पुढे त्याने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली, म्हणजे तो बराच सावरलाही असावा. हा भाग सांगायचा मात्र बहुतेक जण विसरतात.

आपल्याकडचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशी ओलांडलेला किराणा दुकानदार, उधारीची वही पै-पैशाला चोख. दोनेक वर्षांत वही लिहायचं सोडलं, ओळखीच्या बायांना काहीबाही बोलू लागला, बरणीतल्या गोळ्या-बिस्किटांवर स्वतःच ताव मारायचा, आणि मोठ्या भावाचं निधन झालं त्या दिवशी मांडवात बसून हसत होता. घरच्यांनी बाहेरची बाधा समजून दर्ग्यापासून देवस्थानापर्यंत सगळं केलं. स्मरणशक्ती ठीक होती, म्हणून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कोणाच्या डोक्यात आला नाही. एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग आकसलेला निघाला. हा एक प्रकारचा डिमेन्शियाच. त्यात विसरण्याआधी माणूस बदलतो. इथे मेंदूचं चित्र उपयोगी पडलं, कारण प्रश्न बदलाचा होता. वीस वर्षांच्या पोराला हा आजार जवळपास नसतोच, घाबरू नका.

विशीतल्या पोरात मी काय शोधतो? सगळ्यात आधी झोप आणि उदासपणा. तरुण मुलगे उदास असतात तेव्हा रडत नाहीत, चिडतात. घरचे त्याला माज समजतात. मग खर्रा-दारू. खर्रा एकदम सोडला तर पहिले काही दिवस ते दोन आठवडे माणूस अंगावर येतो, आणि लपून खाणाऱ्याचं घरात असताना रोजच असं होतं. मग फवारणी. तुमच्या घरी कपाशी आहे असं लिहिलंय. जुलै ते ऑक्टोबरात तो पाठीवर पंप घेऊन फिरला का, तोंडाला फडकं होतं का, फवारल्यावर मळमळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर असं झालं का? २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली, ते सगळ्यांना आठवतं. पण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी मरण्याइतकी बाधा झाली नाही तरी थकवा, चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं मागे उरू शकतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. दिवाळी म्हणजे फवारणी संपल्यानंतरचीच वेळ, म्हणून विचारतोय.

डोक्याला मार लागलाय का तेही विचारा. गाडीवरून पडला, थोडा वेळ शुद्ध हरपली, घरी सांगितलं नाही, हे सर्रास होतं. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी केली आहे का? वाहक असेल तर या बाबतीत सहसा फरक पडत नाही, पण प्रत्यक्ष आजार असेल तर लक्षात न येणारे छोटे पक्षाघात मेंदूत होऊन लक्ष आणि नियोजन कमी पडू शकतं. थायरॉइड आणि बी-१२ हे साध्या रक्त तपासणीत कळतं. आणि शेवटी एक प्रश्न, तो टाळू नका. तो एकटाच पुटपुटतो का, लोक आपल्याबद्दल बोलतात असं म्हणतो का, मित्रांपासून पूर्ण तुटला का, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष करतो का? स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मानसिक आजार सुरू व्हायचं वय साधारण हेच, आणि उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो. यातलं काहीच नसेल आणि नुसता निकाल, नोकरी, सोयाबीनचा भाव, घरातलं कर्ज यांचा ताण असेल, असंही होऊ शकतं. तो घरातच चिडतो आणि मित्रांत नॉर्मल असतो का, यावरून बरंच कळेल.

वडिलांना एवढं सांगा की अर्धा भाग वारशाने आला म्हणून तो दगडावरची रेघ होत नाही. विशीतून चाळिशीकडे जाताना बहुतेक माणसं आपसूक थोडी शिस्तशीर आणि थोडी स्थिर होतात. कपाळामागच्या भागाची वाढच पंचविशीपर्यंत चालते. २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर उपचार आणि समुपदेशनाने काही महिन्यांत मनाची अस्वस्थता लक्षणीय कमी झालेली दिसली. बाकी तो कमी बोलतो त्याचं काही करायला जाऊ नका, तो आजार नाही.

आता करायचं काय. आधी घरात फवारणीचं औषध कुठे आहे ते पाहा. कोठ्यात, पलंगाखाली, न्हाणीच्या कोनाड्यात असेल तर आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे ठेवा. भावाने मरणाची भाषा काढली नसली तरी. काढली असेल तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'मरायचा विचार येतो का' असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. रात्री-बेरात्री १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लागतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पुढची पायरी जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग. आजूबाजूला सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरची मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे केसपेपरला जे लागेल ते साडेसहा हजारांच्या आसपासही जात नाही. ईईजी काढायचा तो फिट, डोळे एकदम शून्यात लागणं, झोपेत अंथरूण ओलं होणं, जीभ चावली जाणं असं काही असेल तरच. एमआरआय मार, सततची डोकेदुखी-उलटी, हातापायाची कमजोरी असेल तर. दोन्ही डॉक्टरने ठरवू द्या, तुम्ही स्वतःहून काढून आणू नका.

आणि करिअरचं म्हणाल तर दहावीला शाळेत घ्यायचे ती कल चाचणी होती, तसल्या कागदी प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. त्याही अंदाजच देतात, पण निदान त्यात पोराला स्वतःला काय आवडतं ते विचारलेलं असतं. ती मात्र आत्ता नको, झोप आणि चिडचिड आटोक्यात आल्यावर. चिडलेल्या अवस्थेत कोणी भरलेली प्रश्नावली मी तर वाचतही नाही.

क्लासवाल्यांना पैसे आधीच दिले असतील आणि अहवाल हातात पडला असेल तर भावाला दाखवू नका. 'तुमच्यात आत्मविश्वासाची कमतरता' असं मेंदूच्या चित्राखाली छापलेलं पोरं खरं मानतात, आणि मग माझ्यासमोर बसून तेच म्हणून दाखवतात.

तीन गोष्टी कळवा: यंदा तो फवारणीला गेला होता का, रात्री प्रत्यक्ष झोपतो किती तास, आणि मित्रांशी बोलणं चालू आहे का. त्यावरून आधी रक्त तपासणी करायची की सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं ते सांगतो. येताना तुम्ही सोबत या, वडिलांनाही आणा. आधी तो कसा होता ते मला त्यांच्याकडूनच कळणार आहे.